वस्तीत राहायला जाताय? आधी पाण्याची वेळ विचारा

चर्चच्या मंडळीतल्या तरुणांपैकी कुणी 'वर्षभर वस्तीत राहून सेवा करायची आहे' म्हणाला, की पाळक त्याच्यासाठी प्रार्थना करतात, आई रडते आणि मित्र गिटार घेऊन ये म्हणतात. पाणी किती वाजता येतं हे मात्र कुणी विचारत नाही. मुंबईत गोवंडीचं शिवाजीनगर, बैंगनवाडी, मानखुर्द, धारावी, मालवणी, कुठेही जा, दिवस पाण्याच्या वेळेवर बांधलेला असतो. पाणी पहाटे चारला येत असेल तर तुमची सकाळची प्रार्थना साडेतीनला तरी होईल, नाहीतर पाच वाजता. चारला होणार नाही.

वस्तीत माणसाचे रोजचे कित्येक तास रांगेत जातात: पाणी, संडास, रेशन, दवाखाना. बाहेरून आलेल्या स्वयंसेवकाकडे पैसा फार नसतो आणि अनुभव त्याहून कमी असतो. पण रोजंदारी बुडायची भीती नसल्यामुळे तास असतात. हे तास कुठे घालायचे, एवढंच इथे लिहितोय.

आधी खोली. दहा बाय बाराची खोली, कोपऱ्यात मोरी, वर लोखंडी शिडीचा पोटमाळा. भाडेकरूला बहुतेक वेळा पोटमाळाच मिळतो, कारण खाली मालक राहतो. माळ्यावर पत्रा डोक्याला लागेल इतका जवळ असतो आणि मे महिन्यात दुपारी तिथे बसवत नाही. खालची खोली थंड असते, पण जुलैत तिच्यात पाणी शिरतं. किती शिरतं हे मालक सांगणार नाही, भिंत सांगेल. आतल्या भिंतीवर ओलीची रेघ कुठवर आहे ते बघा, आणि शेजारच्या घरात फ्रिज किती विटांवर ठेवलाय तेही बघा. दोन विटा असतील तर घोट्याएवढं पाणी येतं. चार विटा आणि वर फळी असेल तर दुसरी खोली शोधा. पत्र्यावर घालायची ताडपत्री मेच्या मध्यापर्यंत घ्यावी, जूनमध्ये तीच महाग मिळते. विजेचं युनिट मालक कोणत्या दराने लावतो, हेही आधीच विचारा. सबमीटरवरचा दर बिलातल्या दरापेक्षा चढा असण्याची शक्यता मोठी.

करार अकरा महिन्यांचा, रजिस्टर केलेला असावा आणि पोलीस ठाण्यात भाडेकरूची माहिती दिलेली असावी. मालक कंटाळा करेल, 'इधर कोई नहीं करता' म्हणेल, तरी करा. तुम्ही ख्रिस्ती आहात, एकटे राहता, घरात मुलं येतात-जातात. उद्या कुणाला शंका आली तर हाच कागद कामाला येतो.

आता पाणी. एका नळावर पाच-दहा घरं असतात आणि प्रत्येकाचा पाइप, प्रत्येकाची मिनिटं ठरलेली असतात. नवीन आलेल्याचा ड्रम शेवटी लागतो, आणि तो शेवटीच लावा. कुणी 'फादर, तुम्ही आधी भरा' म्हणालं (तुम्ही फादर नसलात तरी म्हणतील) तरी पुढे जाऊ नका. पहिल्या आठवड्यात रांगेत पुढे गेलेला माणूस वर्षभर 'बाहेरचा साहेब' राहतो. दोनशे लिटरचा निळा ड्रम दोघांना पुरतो, पण नळ आल्याआल्या पिण्याचं पाणी भरू नये. वस्तीतल्या लाइनी गटारातून किंवा गटाराला लागून जातात. नळ बंद असताना पाइपातला दाब जातो आणि जिथे चीर असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं. ते पहिल्या धारेबरोबर बाहेर येतं. म्हणून पहिली पाच-दहा मिनिटं धुण्याभांड्याचं पाणी भरा आणि पिण्याचं नंतर. त्याला खळखळून उकळी फुटल्यावर आणखी एक मिनिट उकळू द्या. मग झाकणाच्या, खाली तोटी असलेल्या स्टीलच्या पिंपात ठेवा. तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं वापरा. उकळलेल्या पाण्यात हात बुडवून पेला काढला की उकळण्याचा गॅस फुकट गेला.

ड्रम आठवड्यातून एकदा पूर्ण रिकामा करायचा आणि आतून घासायचा. नुसतं पाणी ओतून भागत नाही. डेंग्यूच्या डासाची अंडी पाण्याच्या रेषेजवळ कडेला चिकटलेली असतात आणि पुन्हा पाणी भरलं की फुटतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, म्हणून आठवडा. काथ्या किंवा ताराची घासणी हवी, फडक्याने निघत नाहीत. पाणीटंचाईत दोनशे लिटर ओतून द्यायचं जिवावर येतं. तेव्हा शुक्रवार धरा, तळाला उरलेल्या पाण्यात कपडे भिजवा आणि ड्रम उपडा करा.

संडासाबद्दल लोक लाजून बोलत नाहीत, म्हणून दोनच गोष्टी. सकाळी सहा ते आठ गर्दी असते. घरटी महिन्याचा पास असेल तर तो काढा, सुट्ट्या पैशांची कटकट वाचते. आणि ज्या मुली सेवेला येतात त्यांनी रात्री एकटीने जाऊ नये, शेजारच्या बायकांबरोबर जावं. संडासाला जायला लागू नये म्हणून बायका दिवसभर पाणी कमी पितात आणि मग लघवीला जळजळ, ताप सुरू होतो. हे दुखणं कोणत्याही आरोग्य शिबिरात पुरुष स्वयंसेवकाला कुणी सांगणार नाही.

भाषेचं म्हणाल तर आपली चर्चची मराठी इथे अपुरी पडते. मराठवाड्यातून आलेल्या मावशींशी मराठी, उत्तर प्रदेशातल्या भाभीशी हिंदी, आणि गल्लीच्या टोकाच्या चाचांशी दोन्हीची खिचडी. 'बंधुभगिनींनो' हा शब्द उपासनेपुरता ठेवा.

कामाची सुरुवात रेशनपासून करावी असं माझं ठाम मत आहे, कारण त्यात कुणावर उपकार होत नाहीत. जे सरकारी हक्काचं आहे ते आधी मिळवायचं, चर्चच्या पैशाला त्यानंतर हात घालायचा. हा क्रम उलटा झाला की मंडळीचा निधी तीन महिन्यांत संपतो आणि कार्ड तसंच अडकलेलं राहतं. रेशनच्या प्राधान्य गटातल्या कुटुंबाला माणशी ५ किलो धान्य, सगळ्यात गरीब घरांच्या अंत्योदय कार्डावर माणसं कितीही असोत ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे. प्राधान्य गटासाठी शहरात वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ५९,००० रुपये धरलेली आहे. मुंबईत रोज कामाला जाणारं कुठलंही घर कागदावर एवढ्यात कसं बसवायचं हा प्रश्नच आहे, पण नियम तो आहे.

अडतं कुठे? बहुतेक वेळा अंगठ्यावर. भांडी घासून, मासळी सोलून, सिमेंट कालवून बोटांच्या रेषा झिजतात आणि दुकानातलं अंगठा वाचणारं ई-पॉस मशीन 'मॅच नाही' म्हणतं. दुकानदार 'उद्या या' म्हणतो, मावशींची दुपार जाते. हात साबणाने धुऊन, कोरडा करून, जरा चोळून गरम करा आणि दुसरं बोट लावून बघा. तेही नाही झालं तर कार्डावरच्या घरातल्या दुसऱ्या माणसाला आणा. ई-केवायसी (आधारवरून ओळखीची पडताळणी) न झाल्यामुळे एखाद्याचं नाव बंद पडलंय का, तेही त्याच वेळी तपासा. पावती मागायची आणि तिच्यावरचे किलो पिशवीतल्या किलोंशी ताडून बघायचे. दुकानदाराशी भांडू नका, नुसतं पावती मोठ्याने वाचा. रांगेतले बाकीचे ऐकतात.

दुसरी गोष्ट गावच्या कार्डाची. जालना, बीड, बिहार, उत्तर प्रदेशातून आलेल्या कितीतरी घरांचं कार्ड गावाकडे आहे आणि इथे आपल्याला धान्य मिळणार नाही असं त्यांना वाटतं. 'एक देश एक रेशन कार्ड'मध्ये मुंबईच्या दुकानातही आपला वाटा उचलता येतो. कार्ड नंबर आणि आधार घेऊन दुकानात जायचं. घर विभागलेलं असेल तर गावच्या माणसांचा वाटा गावात आणि इथल्यांचा इथे, असंही उचलता येतं.

आता टीबी. एम पूर्व वॉर्डात, म्हणजे गोवंडी-मानखुर्दकडे, राहणार असाल तर हे तुमचं मुख्य काम होईल. अंधाऱ्या खोल्या, एका खोलीत सात माणसं, जरीच्या कारखान्यात बारा तास खाली मान. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकी तपासायची, एवढा नियम पाठ असू द्या. त्याबरोबर रोज संध्याकाळी ताप, वजन उतरणं, रात्री घाम. थुंकीचा नमुना बिघडण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, डबीत लाळ असते. पेशंटला आधी साध्या पाण्याने चूळ भरायला सांगा. मग खोल श्वास दोनदा घेऊन छातीतून खोकायला लावा. हे उघड्यावर करायचं, खोलीत किंवा संडासात नाही. सकाळी उठल्याउठल्याचा नमुना सगळ्यात चांगला.

साध्या टीबीचा उपचार सहा महिन्यांचा, पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन. गोळ्या रोज, वजनाप्रमाणे. पहिल्याच दिवशी लघवी नारिंगी होते. ते एका गोळीच्या रंगामुळे होतं, पण आधी सांगितलं नसेल तर 'रक्त जातंय' म्हणून माणूस दुसऱ्या दिवशी गोळ्या बंद करतो. म्हणून गोळी हातात देण्यापूर्वी हे सांगा. याउलट डोळे पिवळे होणं, सतत उलट्या, भूक पूर्ण मरणं हे यकृताचं लक्षण असू शकतं. तेव्हा वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

गोळ्या सुटतात त्या दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात. खोकला थांबलेला असतो, वजन भरलेलं असतं, मुकादम कामावर बोलावतो. जंतू मात्र मेलेले नसतात, आणि अर्धवट सोडलेल्या उपचारातूनच औषधाला न जुमानणारा टीबी तयार होतो. स्वयंसेवकाने सगळ्यात जास्त फेऱ्या याच दोन महिन्यांत माराव्या. पहिल्या आठवड्यात तर आख्खी गल्ली विचारपूस करत असते. दुसरी सुटायची वेळ म्हणजे गावाला जाणं, मे महिना, गणपती, ईद. प्रत्येक पेशंटचा निक्षय आयडी, म्हणजे सरकारी टीबी नोंदणीचा नंबर, तुमच्या वहीत लिहून ठेवा. त्या नंबरावर गावच्या सरकारी दवाखान्यात गोळ्या चालू ठेवता येतात. निघण्याच्या आठवडाभर आधी दवाखान्यात कळवलं की बदली नीट होते, स्टेशनवरून फोन करून होत नाही.

सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेत २०१८ पासून महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० मिळतात. पैसे खात्यात आलेच नाहीत अशी तक्रार सर्रास असते. कारण बहुधा दोनांपैकी एक. जनधन खातं दोन वर्षं व्यवहार न झाल्याने बंद पडलेलं असतं, किंवा खातं आधारशी जोडलेलं असतं पण थेट लाभासाठी भलत्याच बँकेची नोंद असते. पेशंटला घेऊन बँकेत जायचं, 'आधार सीडिंग' (थेट लाभ कोणत्या खात्यात जायचा याची नोंद) हाच शब्द वापरायचा. 'आधार लिंक आहे का' विचारलं तर खिडकीवरचा माणूस 'आहे' म्हणतो आणि खरंच असतं. त्याने काही फरक पडत नाही.

मंडळीला काहीतरी द्यायचंच असेल तर निक्षय मित्र (टीबी पेशंटला मदत करणारा नोंदणीकृत दाता) म्हणून नोंद करून ठरावीक पेशंटांना सहा महिने शिधा द्यावा. हरभरे, शेंगदाणे, डाळ, अंडी, तेल. नाताळच्या पिशवीत केक असतो तो छान, पण टीबीच्या माणसाला डिसेंबरइतकीच भूक फेब्रुवारीत लागते. घरातल्या बाकीच्यांची, विशेषतः पाच वर्षांखालच्या मुलांची, तपासणी आणि प्रतिबंधक औषधाची चौकशी राहून जाते. ती आठवणीने करून घ्या. स्वतःसाठी नियम साधा. खिडकी उघडी, नव्या पेशंटकडे एन-९५ मास्क, आणि आपल्याला दोन आठवडे खोकला झाला तर आपलीही थुंकी डबीत.

पावसाळ्यातलं थोडक्यात. गुडघाभर पाण्यातून चालून आलात आणि पायाला जखम असेल तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस या तापाचा) धोका. उंदराच्या लघवीतले जंतू पाण्यातून जखमेत जातात. ७२ तासांच्या आत पालिकेच्या दवाखान्यात जाऊन प्रतिबंधक गोळीबद्दल विचारायचं, ताप यायची वाट बघायची नाही. जुलाबाला ओआरएस. आख्खं पाकीट एक लिटर पाण्यात, एकाच वेळी. पाव पाकीट पेल्यात कालवण्याची सवय सगळीकडे आहे, आणि त्यात मिठाचं प्रमाण चुकतं. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. पाकीट नसेल तर एक लिटरला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाच्या चमच्याने. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंक २० मिलिग्रॅम, १४ दिवस. जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी चौदा दिवस पुरे करायचे, हे आयांना पटवणं हेच खरं काम.

मोठ्या ऑपरेशनचा प्रसंग आला की लोक तुमच्याकडे पैशासाठी येतील. सायन, केईएम, नायर, राजावाडी ही पालिकेची रुग्णालयं हे पहिले पर्याय. तिथल्या समाजसेवा विभागात बसणाऱ्या समाजसेवकाची ओळख असणं दहा दात्यांच्या ओळखीपेक्षा उपयोगी. खासगी धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखून ठेवाव्या लागतात. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यातलं कलम ४१ एए. रेशन कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला भरतीच्या वेळीच दाखवायचा. बिल झाल्यावर दाखवला तर 'आता काही होत नाही' हे ठरलेलं उत्तर.

उसने पैसे देऊ नका. वस्तीत सावकाराचं व्याज दहा टक्के असतं, आणि ते महिन्याचं. त्यापुढे तुमचे बिनव्याजी पाचशे रुपये देवदूतासारखे वाटतात. पण ज्याने घेतले तो परत देता येत नाही म्हणून पुढच्या आठवड्यापासून तुमची गल्ली टाळतो. पाचशे गेले ते गेलेच, शेजारही गेला. द्यायचेच असतील तर औषधाच्या दुकानात थेट भरा, परत मागू नका, आणि निर्णय दोघांनी मिळून घ्या. सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी या कॅथलिक सेवासंस्थेची माणसं घरभेटीला जोडीने जातात, ती पद्धत उचलण्यासारखी आहे. दोघं असली की रडण्याला भुलून भलतंच वचन दिलं जात नाही, आणि बाई एकटी घरी असताना पुरुष एकटा आत गेला असंही होत नाही.

परदेशातल्या ओळखीच्यांकडून कामासाठी पैसे आपल्या खात्यावर मागवणं तर अजिबात नको. सामाजिक वा धार्मिक कामासाठी परदेशी स्रोताचे पैसे घ्यायला एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखाली नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते, रक्कम दोन हजार असली तरी. परदेशी नागरिकत्व घेतलेला तुमचा मामेभाऊ हा परदेशी स्रोतच. भारतीय पासपोर्टवर दुबईत नोकरी करणारा मामा मात्र त्यात येत नाही.

मुलांचा अभ्यासवर्ग घ्याल तेव्हा दार उघडं, दोन मोठी माणसं हजर, आणि मुलांचे फोटो कुठेही टाकायचे नाहीत. एखाद्या मुलावर लैंगिक अत्याचार होतोय हे कळलं तर पॉक्सो कायद्याने कळवणं बंधनकारक आहे. 'आधी पाळकांशी बोलतो' ही सबब चालत नाही. मुलांच्या मदतीसाठीचा १०९८ हा नंबर पाठ असावा.

आणि विश्वासाचं काय? १८८२च्या सप्टेंबरात मुक्ती फौजेची (साल्व्हेशन आर्मी या ख्रिस्ती सेवासंस्थेची) चौघांची तुकडी मुंबईच्या बंदरावर उतरली, तिचा पुढारी फ्रेडरिक टकर सनदी नोकरी सोडून आला होता. त्याने फकीर सिंग नाव घेतलं, इथला वेष घेतला. पोशाख बदलण्याची ओढ आजही अनेकांना असते. पण कुर्ता-झोळीने वस्ती फसत नाही, तिथली पोरं जीन्स घालतात. शिध्याच्या पिशवीत पत्रक घालू नये. भुकेला माणूस पिशवीसाठी मान डोलावतो, आणि त्या मान डोलावण्याचा तुम्हालाही उपयोग नाही, त्यालाही नाही. कुणी आपणहून विचारलं की हा माणूस इथे का राहतो, तर सरळ सांगा. लपवणंही खोटंच.

इथे एक बाब स्वयंसेवकांना माहीत नसते. १९५०च्या राष्ट्रपती आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, पुढे १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे. ख्रिस्ती झालेल्यांना नाही. मुलीची शिष्यवृत्ती, मुलाचं जातप्रमाणपत्र यावर ज्या घराचं पुढचं सगळं अवलंबून आहे, त्या घराला बाप्तिस्म्याचा अर्थ उपासनेपलीकडेही असतो. याची कल्पना न देता कुणाला पाण्यात उतरवणं मला अप्रामाणिक वाटतं. आणि कल्पना दिल्यावर 'कागदावर काही सांगू नका' असा सल्ला देणं तितकंच.

राहिली निघण्याची गोष्ट. वर्ष संपायच्या तीन महिने आधी तारीख सांगा, निरोपाच्या दिवशी नाही. टीबीच्या पेशंटांची यादी आशा सेविकेच्या किंवा दवाखान्यातल्या माणसाच्या हाती द्या. ज्याचे दोन महिने झालेत आणि चार उरलेत त्याच्या नावापुढे खूण करा. लोकांची कागदपत्रं तुमच्याकडे प्लास्टिकच्या फाइलीत साठलेली असतील. झोपडी कधीपासूनची आहे याचे पुरावे त्यात असतात, आणि झोपडपट्टी पुनर्वसनात १ जानेवारी २००० आणि १ जानेवारी २०११ या तारखांवर घर मिळणं न मिळणं ठरतं. ती फाइल ज्याची त्याला, त्याच्या हातात, कागद मोजून परत करा. खोलीच्या डिपॉझिटचा हिशोब भाडं वळतं करून घ्या, रोख परत मिळायला महिने लागतात. ड्रम शेजारच्या भाभीला द्या, आतून घासून.